ओळख परेडमध्ये आईनं बोट दाखवलं, पण त्या मुलाला तिनं आधीच ठाण्यात पाहिलं होतं. आता साक्षीचं समन्स आलंय

गव्हाळी

नमस्कार मंडळी. कायद्यातलं आणि पोलिसांच्या कामातलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात आई पहाटे फिरायला गेली होती. साडेसहा वाजले असतील, नीट उजाडलंही नव्हतं. समोरून मोटारसायकल आली. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागच्याचं डोकं उघडं. त्यानं हात घातला आणि मंगळसूत्र तोडून नेलं. आई पडली, कोपर सोलवटलं. सगळा प्रकार तीन-चार सेकंदांचा.

फिर्याद त्याच दिवशी दिली. आठवडाभरानं ठाण्यातून फोन आला, "पुरवणी जबाब घ्यायचाय, या." मी आईबरोबर होते. आत शिरताना दाराशेजारच्या बाकावर एक विशी-बाविशीचा मुलगा बसलेला, हात बांधलेले, बाजूला शिपाई. आमच्याकडे पाहून एक जण म्हणाला, "मावशी, मिळाला बरं का तुमचा चोर." बोट कुणी दाखवलं नाही. पण बाकावर दुसरं होतंच कोण?

त्यानंतर साधारण महिन्यानं कारागृहात ओळख परेड झाली. नायब तहसीलदार साहेब होते, सात माणसं ओळीत उभी. आईनं तिसऱ्याच्या खांद्याला हात लावून सांगितलं, हाच. साहेबांनी रीतसर विचारलं होतं, "यांच्यापैकी कुणाला आधी पाहिलंय का?" आई म्हणाली, "हो, त्या दिवशी पाहिलं." तिला वाटलं चोरीच्या दिवसाचं विचारतायत. तेच लिहिलं गेलं.

मंगळसूत्र मिळालेलं नाही. त्या मुलाकडे काहीच सापडलं नाही.

आता कोर्टाचं समन्स आलंय. समन्स हातात पडल्यापासून आईला झोप नाही. परवा रात्री उठून मला म्हणाली, "अगं, त्या ओळीत सगळ्यांच्या पायात चपला-बूट होते. तो एकटा अनवाणी होता. मी चेहरा ओळखला की बाकावरचा पोरगा ओळखला, मला सांगता येत नाही."

तिनं काय करावं? तिच्यावर खोटं बोलल्याचा ठपका येईल का? आणि ही परेड नेमकी कशी व्हायला हवी असते?

वकीलबाई

गव्हाळी, आधी आईंना सांगा की त्यांनी काही खोटं केलेलं नाही. त्यांना विचारलं गेलं तसं त्यांनी सांगितलं. गैरसमजानं दिलेलं उत्तर आणि जाणूनबुजून दिलेली खोटी साक्ष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी फौजदारी बाजूला एकोणीस वर्षं काम करते, बहुतेक बचाव पक्षाकडून. परेडमधली ओळख हा मूळ पुरावा नसतो. साक्षीदार कोर्टात, शपथेवर, आरोपीकडे पाहून ओळखतो तो मूळ पुरावा. परेड त्याला दुजोरा देते आणि तपास बरोबर दिशेनं चाललाय की नाही हे पोलिसांना कळतं. सर्वोच्च न्यायालयानं हे वेळोवेळी सांगितलंय. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 9 होतं, भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 7 झालं. परेडचा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 54 खाली होतो.

पण दुजोरा द्यायचा तर परेडपूर्वी साक्षीदारानं आरोपीला पाहिलेलं नसावं. ठाण्यात नाही, कोर्टाच्या व्हरांड्यात नाही, फोटोतही नाही. 2022 साली केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा पुन्हा ठासून मांडला. म्हणजे तुमच्या प्रकरणात खरी गडबड कारागृहात नव्हे, त्या बाकावर झाली.

आईंनी काय करावं ते खाली लिहिते. आधी ज्यांनी परेड घेतल्या आहेत त्यांचं ऐकू या. नाना आहेत का इथे?

नाना_पाटणकर_वाडा

आहे, वाचतोय.

महसुलात नोकरी केली, त्यातली अकरा वर्षं नायब तहसीलदार म्हणून. परेड किती घेतल्या त्याचा हिशेब नाही. ताई, तुमच्या आईचं वाचून पोटात कालवलं, कारण तो प्रश्न मीही सुरुवातीला तसाच विचारायचो. "आधी पाहिलंय का?" एका जुन्या सत्र न्यायाधीशांनी उलटतपासात माझी चूक दाखवली. तेव्हापासून मी असं विचारायचो: "घटना घडल्यानंतर आजपर्यंत यांच्यापैकी कुणाला, कुठेही, ठाण्यात, कोर्टात, पेपरात, मोबाइलवर पाहिलंय का? कुणी वर्णन सांगितलंय का?" आणि उत्तर साक्षीदाराच्या शब्दांत लिहायचो. साक्षीदार "हो" म्हणाला तर तेही लिहायचं, खोडायचं नाही.

आपल्याकडे उच्च न्यायालयाचं क्रिमिनल मॅन्युअल आहे, त्यात परेड कशी घ्यायची ते दिलंय. आरोपी एक असेल तर निदान सहा डमी, म्हणजे त्याच्यासोबत ओळीत उभी करायची, गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं. दोन असतील तर दहा-बारा. एका परेडीत दोनाहून जास्त आरोपी मिसळायचे नाहीत. डमी वयानं, बांध्यानं, रंगानं, पेहरावानं आरोपीशी मिळतेजुळते. दोन पंच. पोलीस खोलीबाहेर, नुसते दाराबाहेर नाही, नजरेबाहेर आणि कानाबाहेर. आरोपीला सांगायचं, हवी ती जागा घे, कपडे बदलायचे तर बदल. एका साक्षीदाराचं झालं की पुन्हा विचारायचं, जागा बदलतोस का? झालेला साक्षीदार आणि राहिलेला साक्षीदार एकमेकांना भेटता कामा नयेत, म्हणून दोन खोल्या.

आता अनवाणीचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आरोपी कोठडीतून येतो, त्याच्या पायात काही नसतं, किंवा कमरेला पट्टा नसतो, किंवा दाढी वाढलेली असते. डमी बाहेरून आणलेले, सकाळी अंघोळ करून, भांग पाडून आलेले. चेहरा कुणी बघतच नाही. मी सगळ्यांना पायताण काढायला लावायचो, पट्टे काढायला लावायचो. एकदा आरोपीच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. मी पंचाला दुकानात पाठवून चिकटपट्टी आणवली आणि साताही जणांच्या भुवईवर लावली. डमी कुरकुरले. पण लावली.

आणि हो, परेडच्या मेमोत डमींची नावं, वयं, पत्ते लिहायचे असतात. वकिलांनी तो मेमो मागून बघावा.

शिल्लक_चहा

नाना, सातातल्या तिसऱ्यावर हात ठेवायचा म्हणजे नुसत्या अंदाजानंही सातात एक संधी आहेच की. आणि सहापैकी चार डमी आरोपीसारखे दिसतच नसतील तर मग तिनात एक.

नाना_पाटणकर_वाडा

बरोबर. म्हणून डमी निवडणं हेच खरं काम. बाकी कागद कुणीही भरेल.

मानसशास्त्रवाली_माई

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यातलं थोडं सांगते.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही. दर वेळी काढली की ती थोडी नव्यानं बनते. काकूंनी तीन-चार सेकंद, अर्धवट उजेडात, घाबरलेल्या अवस्थेत एक चेहरा पाहिला. मग बाकावर कितीतरी स्वच्छ उजेडात, जवळून, शांतपणे दुसरा पाहिला. यानंतर डोळे मिटून "चोर" आठवला तर मेंदू कुठला चेहरा पुढे करणार? स्पष्ट असेल तो. त्यांना तो चोरीच्या वेळीच पाहिल्यासारखा वाटेल, आणि अगदी मनापासून वाटेल.

दुसरं म्हणजे, ओळीत उभी माणसं दिसली की आपण मनातल्या चेहऱ्याशी एकेकाची तुलना करत नाही. आपण त्यांची आपापसांत तुलना करतो आणि सगळ्यांत जवळचा निवडतो. खरा चोर ओळीत नसला तरी "सगळ्यांत जवळचा" कुणीतरी असतोच. म्हणून साक्षीदाराला आधी स्पष्ट सांगायला हवं: तो माणूस यात असेल किंवा नसेल, कुणालाच ओळखलं नाही तरी चालेल.

तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात 1984 साली जेनिफर थॉम्पसन या तरुणीवर घरात घुसून बलात्कार झाला. ती त्या वेळी जाणीवपूर्वक त्याचा चेहरा लक्षात ठेवत होती. पोलिसांनी फोटो दाखवले, तिनं बराच वेळ घेऊन रोनाल्ड कॉटनचा निवडला. मग प्रत्यक्ष ओळीतही त्यालाच निवडलं, आणि फोटोत निवडलास तोच हा, असं तिला सांगितलं गेलं. कोर्टात उभी राहीपर्यंत तिची खात्री शंभर टक्के झाली होती. पुढे बॉबी पूल नावाचा माणूस तिच्यासमोर आणला, तेव्हा "याला मी कधी पाहिलेलं नाही" असं ती म्हणाली. 1995 साली डीएनए तपासणी झाली. गुन्हेगार पूल होता. कॉटनची दहा वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती.

तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. निवड चुकली, आणि नंतरच्या प्रत्येक "शाबास"नं ती चूक पक्की होत गेली. म्हणून या विषयातले संशोधक दोन गोष्टींचा आग्रह धरतात. परेड घेणाऱ्याला आरोपी कोण ते माहीतच नसावं, म्हणजे डोळ्यांनी, श्वासानंही इशारा जाणार नाही. आणि बोट दाखवल्याक्षणी, कुणी काही बोलायच्या आत, "तुमची किती खात्री आहे?" हे विचारून साक्षीदाराच्या शब्दांत लिहून ठेवावं. कोर्टात महिन्यांनी, वर्षांनी दाखवलेल्या खात्रीपेक्षा त्या पहिल्या क्षणाच्या खात्रीला खूप जास्त अर्थ असतो.

नाना, तुम्हाला आरोपी कोण ते माहीत असायचं ना?

नाना_पाटणकर_वाडा

असायचंच, माई. आपल्या पद्धतीत आरोपीला मीच विचारणार, तुझी जागा निवड, तुझी काही तक्रार आहे का. म्हणजे मला कळणारच. साक्षीदार आत आला की मी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभा राहायचो. पण तुम्ही म्हणता तसं हवं तर जागा लावणारा एक आणि साक्षीदाराला आत आणणारा दुसरा, असे दोन अधिकारी लागतील. अशक्य नाही. तलाठ्यापासून कारकुनापर्यंत माणसं असतात. कुणी सांगितलं नाही म्हणून केलं नाही.

रावेरचा_दिनू

सगळं पटतंय, पण माझ्या बायकोची चेन दोनदा गेली. दोन्ही वेळा "पुरावा अपुरा". पायात चप्पल नव्हती, प्रश्न नीट विचारला नाही, म्हणून सोडून द्यायचं का? चोरानं काय करावं मग, प्रमाणपत्र आणावं? फिर्यादीच्या बाजूनं कुणी बोलणार आहे की नाही?

वकीलबाई

दिनूभाऊ, तुमचा राग रास्त आहे. पण चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस बाहेर राहतो, हे फिर्यादीच्या बाजूनंच बोलणं आहे.

नाशिकचं प्रकरण सांगते. 2003 साली एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. 2006 मध्ये सत्र न्यायालयानं सगळ्यांना फाशी दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीच ठरवली. मग पुनर्विलोकनात पुन्हा कागद उघडले. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या फाइलमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं! त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षं गेली. एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि त्या बाईंना न्याय मिळाला का? त्यांनी पहिल्यांदा दाखवलेली चार माणसं कुठे आहेत?

2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचंही घ्या. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयानं बाराही जणांना सोडलं, त्यामागच्या अनेक कारणांत परेड हे एक मोठं कारण होतं. ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्यानं परेड घेतली त्याला त्या वेळी तो अधिकारच उरलेला नव्हता. टॅक्सीचालक साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प होते आणि मग चेहरे ओळखले. (सरकार अपिलात गेलं आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सर्वोच्च न्यायालयानं लगेच सांगितलं, हेही नोंदवते.) एवढ्या मोठ्या गुन्ह्याच्या तपासात नेमणुकीची मुदत तपासण्याइतकी साधी गोष्ट राहून जाते, याचं दुःख सगळ्यांत जास्त कुणाला व्हायला हवं? ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली त्यांना.

साधा_फौजदार

पोलिसांच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झालो.

ठाणं बाहेरून दिसतं तसं नसतं. एक दार, एक बाक. आरोपीला लघवीला न्यायचं तरी फिर्यादी बसतात तिथूनच. कुणी मुद्दाम दाखवतं असं नाही. कुणी दाखवतही असेल, मी नाही म्हणत नाही. "मावशी, मिळाला" हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे. फिर्यादीला धीर द्यायचा म्हणून बोललो. माईंचं वाचून आज पहिल्यांदा वाटलं की त्या वाक्यानं किती ठिकाणी काय झालं असेल.

शिकवलेलं असतं ते असं: अटक झाली की त्याच घटकेला चेहरा झाकायचा. कोठडीत, दवाखान्यात, कोर्टात नेताना, आणताना. आणि प्रत्येक वेळी डायरीत नोंद, "चेहरा झाकून नेले". कोर्ट पुढे हीच नोंद मागतं. नोंद नसेल तर वकील विचारतो, झाकला कशावरून? आणि बरोबर विचारतो.

उशिराचं कारणही सांगतो. परेडसाठी तहसीलदार कार्यालयाला पत्र, कारागृहाला पत्र, साक्षीदारांना समज, सगळ्यांची तारीख जुळायला हवी. मधेच निवडणूक लागली की महसूलवाले मिळत नाहीत. तोवर पंधरवडा, महिना जातो. तोवर आमच्याच कुणीतरी पत्रकार परिषदेत आरोपींना मागे उभं करून फोटो काढलेला असतो आणि तो व्हॉट्सअॅपवर गावभर फिरलेला असतो. परेडच्या आदल्या दिवशी साक्षीदाराच्या खिशात आरोपीचा फोटो असतो. मग आत बाराच काय, पन्नास डमी उभे करा.

लेस्टरवासी

इकडे इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या मुलावर हल्ला झाला तेव्हा साक्षीदार म्हणून गेलो होतो, ते सांगतो. समोरासमोर ओळ नव्हतीच. पडद्यावर एकेका माणसाची छोटी चित्रफीत, समोरून, मग डावीकडून, उजवीकडून. संशयित आणि त्याच्यासारखे दिसणारे निदान आठ जण. दोनदा पूर्ण पाहिल्याशिवाय काही बोलायचं नाही. तपासाशी संबंध नसलेला अधिकारी हे सगळं बघतो. आणि सगळ्यात आधी, अगदी सुरुवातीला मी पोलिसांना जे वर्णन दिलं होतं ते लिहून ठेवलं होतं, त्याची प्रत बचावाच्या वकिलालाही मिळते.

हे सुखासुखी आलेलं नाही. 1896 साली लंडनमध्ये अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला फसवणुकीसाठी शिक्षा झाली, एकामागून एक बायकांनी त्याला ओळखलं होतं. सुटल्यावर 1904 मध्ये पुन्हा तेच. मग खरा ठक सापडला. त्या प्रकरणानंतर 1907 मध्ये इकडे फौजदारी अपिलाचं न्यायालय उभं राहिलं.

वकीलबाई

लेस्टरवासींनी पहिल्या वर्णनाचा मुद्दा काढला ते फार बरं झालं. गव्हाळी, फिर्यादीची प्रत आईंकडे असेलच, फिर्यादीला ती मोफत मिळते. काढून वाचा. चोराचं वर्णन काय लिहिलंय? त्यात चेहऱ्याबद्दल काय आहे?

आता आईंनी काय करायचं. समन्सच्या तारखेला थोडं लवकर जाऊन सरकारी वकिलांना भेटा आणि बाकाची गोष्ट जशीच्या तशी सांगा. ते सरकारच्या बाजूचे आहेत, पण खरं काय ते त्यांना आधी कळायला हवं. साक्षीत कुणीही विचारलं तरी आईंनी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: चोरीच्या वेळी काय दिसलं, ठाण्यात काय दिसलं, परेडमध्ये काय केलं. एकमेकांत मिसळायच्या नाहीत. "आज कोर्टात आरोपी ओळखता का?" असं विचारलं आणि खात्री नसेल तर "खात्री नाही" हे पूर्ण उत्तर आहे. आरोपीचा वकील परेडबद्दल विचारेलच, तेव्हा घाबरू नका. आवाज चढला तरी तो तुमच्यावर नसतो.

गव्हाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. फौजदार काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला.

फिर्यादीची प्रत काढली. वर्णन एवढंच आहे: "मागे बसलेला इसम, वय अंदाजे 30 ते 35, अंगात काळे जॅकेट, उजव्या हातात स्टीलचे कडे." चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही. बाकावरचा मुलगा बाविशीच्या पुढचा नव्हता. त्याचे मनगट मी स्वतः पाहिले आहेत, कारण ते बांधलेले होते. कडं असेल-नसेल, पण ते हात किती बारीक होते ते माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आईनं कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "तीस-पस्तिशीचा. हो, मी तसंच सांगितलं होतं. आवाज जाड होता त्याचा, 'ए म्हातारे' म्हणाला होता. त्या पोराला कुणी बोलायला लावलं का गं?"

परेडमध्ये नाही. ठाण्यातही आमच्यासमोर तो एक शब्द बोलला नव्हता.

आवाजाचं फिर्यादीत लिहिलेलं नाही. वकीलबाई, हे आता सांगितलं तर चालेल का?

वकीलबाई

सांगायलाच हवं. फिर्यादीत नाही म्हणून उलटतपासात त्यावर प्रश्न येईल, "तेव्हा का नाही सांगितलं?" खरं कारण असेल ते सांगायचं. कुणी विचारलं नसेल तर "कुणी विचारलं नाही".

आणि एक. तो मुलगा अजून आत आहे की जामिनावर?

गव्हाळी

आत आहे. जामीनदार मिळाला नाही असं शिपायानं समन्स देताना सांगितलं. आईनं लगेच विचारलं, "घरी कोण आहे त्याच्या?" त्याला माहीत नव्हतं.

तारीख पुढच्या सोमवारी आहे. आम्ही सकाळी दहालाच जातोय.